देणे

मराठी भाषेतील काही शब्द दिसावयास अगदी साधे असतात. परंतु त्यांच्या पोटात मोठा विचार साठविलेला असतो. 'देणे' हा असाच एक शब्द आहे. आपल्याजवळची वस्तू दुसऱ्याच्या हाती सोपविणे हा त्याचा एक अर्थ. आणि दुसऱ्याचे जे ऋण आपल्याकडून फिटावयाचे राहिले आहे, तेही देणेच. 'मी त्याचे देणे लागतो' असे आपण सहज म्हणतो. दान आणि ऋण या वरवर इतक्या भिन्न दिसणाऱ्या गोष्टींसाठी आपल्या भाषेने एकच शब्द राखून ठेवला, यात मला मोठे शहाणपण दिसते. माणूस देतो तेव्हा तो बहुधा काहीतरी फेडीतच असतो, असे जणू ती आपल्याला सांगत असते.

दिवाळी आली की व्यापारी आपल्या जुन्या वह्या मिटतात आणि नव्या वह्यांची पूजा करतात. त्या आधी वर्षाचा हिशेब पुरा करावा लागतो. कोणाकडून किती येणे आहे आणि कोणाचे किती देणे आहे, हे दोन्ही त्यात लिहावे लागते. एकच बाजू लिहिणाऱ्याचा हिशेब जुळत नाही. पेढीवरील हा नियम आपण आयुष्याला मात्र लावीत नाही. कोणी आपल्याला लग्नाचे बोलावणे केले नाही, कोणी उसने नेलेले भांडे परत केले नाही, कोणी आपल्या कष्टांची कदर केली नाही, ही सगळी येणी आपल्या मनात तारीखवार नोंदलेली असतात. परंतु आपण कोणाचे काय देणे लागतो, ते पान बहुधा कोरेच असते. कृतज्ञता म्हणजे हे कोरे पान प्रामाणिकपणे भरणे होय.

आपल्या पूर्वजांना माणसाचा हा विसराळूपणा चांगला ठाऊक असला पाहिजे. म्हणूनच त्यांनी वर्षभराच्या सणांतून देण्याची आठवण करून देण्याची व्यवस्था केली. आमच्या सातारा भागात आषाढात बेंदूर येतो. मराठवाड्यात व विदर्भात श्रावणी अमावास्येला पोळा येतो. आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-लोण्याने मळावयाचे, त्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवावयाचे नाही, त्याला सजवून पुरणपोळीचा घास भरवावयाचा. भाद्रपदातील ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमावाचून पिकलेले तेवढेच अन्न खावयाचे, असा व्रताचा नियम आहे. एक दिवस का होईना, आपल्या रोजच्या घासामागे कोणाचे कष्ट आहेत, हे त्यामुळे जिभेला कळते. खंडेनवमीला कारागीर आपली हत्यारे पुसून त्यांची पूजा करतो. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी वर्षभर कोपऱ्यात उभी असलेली केरसुणी पाटावर येते आणि तिला हळदकुंकू वाहिले जाते.

बैल, नांगर, केरसुणी यांना तोंड नाही. आपले येणे ती मागावयास येऊ शकत नाहीत. जो मागू शकत नाही, त्याचे देणे आधी आठवावे, अशी या सणांची शिकवण आहे. परंतु येथेच एक प्रश्न विचारला पाहिजे. आपण केरसुणीची पूजा करतो. पण केरसुणी धरणाऱ्या हाताचे काय? तो हात या देशात शतकानुशतके अस्पृश्य मानला गेला. संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) हातात खराटा घेऊन गावात शिरत, आधी गावाचे रस्ते झाडीत आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहत. लोक पाया पडावयास धावले की ते पाय मागे घेत. ज्या हातांकडे समाजाने पाहिले नाही, त्या हातांचे काम त्यांनी आपल्या हाती घेतले. पूजा करणे सोपे असते. वाटा उचलणे अवघड असते. एका दिवसाची कृतज्ञता उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांच्या वागणुकीत उतरली नाही, तर ती केवळ रूढी होते.

हे मी इतक्या आग्रहाने लिहितो आहे, याला कारण मला सरलेले वर्ष झाले आहे. एका पाडव्यापासून दुसऱ्या पाडव्यापर्यंतच्या या वर्षाचा जमाखर्च मांडावयास मी बसलो, तेव्हा देण्याच्या बाजूस पहिलेच नाव आले ते माझ्या थोरल्या बंधूंचे. आम्ही सर्व त्यांना दादा म्हणत असू. या वर्षी मार्गशीर्षात ते गेले.

वडील वारले तेव्हा दादा सातवीत होते आणि मी अजून शाळेतही गेलो नव्हतो. सातवीनंतर त्यांनी दप्तर खुंटीला अडकविले आणि नांगर हाती घेतला. माझे हायस्कूल, माझे कॉलेज, पुढे माझी एम. ए. ची पदवी, हे सारे त्या नांगराच्या फाळावर उभे राहिले. वसतिगृहाच्या खाणावळीचे पैसे दर महिन्याला येत. त्यासाठी कधी दूध विकले जाई, कधी गुळाची ढेप. शिक्षक झाल्यावर पहिला पगार मी त्यांच्यापुढे ठेविला. त्यांनी त्या नोटांना हात लावला नाही. ते एवढेच म्हणाले, "मला कशाला परत करतोस? पुढं कुणाला तरी दे." पुढे पन्नास वर्षांच्या सहवासात त्यांनी आपल्या सुटलेल्या शाळेचा एकदाही उल्लेख केला नाही. त्यांच्या वहीत माझ्या नावावर काही येणे लिहिलेलेच नव्हते. ते फक्त माझ्या वहीत होते, आणि ते तेथेच असणे योग्य होते.

दादांच्या त्या एका वाक्याचा अर्थ मला फार पूर्वीच्या एका ग्रंथात सापडतो. शतपथ ब्राह्मणात असे सांगितले आहे की, मनुष्य जन्मतःच ऋणी असतो: देवांचा, ऋषींचा, पितरांचा आणि माणसांचा. ही ऋणे फेडण्याचे मार्गही तेथे दिले आहेत. देवांचे ऋण यज्ञाने, ऋषींचे अध्ययनाने, पितरांचे संततीने आणि माणसांचे ऋण त्यांना आसरा व अन्न देऊन फेडावयाचे. यातील मर्म लक्षात घ्या. ऋषींचे ऋण ऋषींच्या घरी काही नेऊन दिल्याने फिटत नाही. त्यांनी मिळविलेले ज्ञान आपण शिकलो आणि पुढे चालू ठेविले, म्हणजे ते फिटते. पितरांनी आपल्याला वाढविले. आपण पुढची पिढी वाढवावी. बाजारातील कर्ज ज्याचे घेतले त्याला परत करावे लागते. जीवनातील मोठी कर्जे मात्र पुढे द्यावी लागतात, कारण ती परत देण्याच्या वेळी देणारा बहुधा तेथे उरलेला नसतो.

महाराष्ट्रातील मोठी माणसे या मार्गाने चालून गेली आहेत. महर्षी धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) यांचे बालपण कोकणातील मुरुड या गावी गेले. तेथील सोमण गुरुजींनी त्यांच्या मनात लोकसेवेचे बीज पेरले. पुढे अर्थार्जन करू लागल्यावर कर्व्यांनी आपल्या गावासाठी 'मुरुड फंड' उभारिला, आणि तेथेच न थांबता १८९६ मध्ये विधवा स्त्रियांसाठी आश्रम, तर १९१६ मध्ये स्त्रियांसाठी विद्यापीठ स्थापिले. एका खेड्यातील शिक्षकाचे देणे असे हजारो मुलींच्या हाती पोहोचले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. तिच्या वसतिगृहातील मुलांच्या पोटात अन्न पडावे म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने, अगदी मंगळसूत्रसुद्धा, विकले. या संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष आहे. वडाची पारंबी वरून खाली येते, जमिनीत रुजते आणि स्वतःच खोड होऊन ज्या फांदीने तिला पोसले त्या फांदीला आधार देते. परतफेडीचे याहून बोलके चित्र मला ठाऊक नाही.

दादा वारकरी होते. त्यांच्या पश्चात आषाढ आला, तेव्हा वहिनींनी त्यांचे टाळ माझ्या हाती दिले आणि म्हणाल्या, "भाऊजी, यंदा हे घरात नकोत राहायला." संपूर्ण वारी करण्याइतके बळ माझ्या पायांत नव्हते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा नदी ओलांडून आमच्या जिल्ह्यात येते. लोणंदचा मुक्काम उरकून ती तरडगावकडे निघाली, तेव्हा एवढी एक मजल मी चाललो. वाटेत चांदोबाचा लिंब येथे पहिले उभे रिंगण होते. त्या गर्दीत एका अनोळखी वृद्धाने वाकून माझ्या पायांना हात लावला आणि मी त्याच्या. दोघांनीही एकमेकांना 'माऊली' म्हटले. त्याने मला ओळखले नव्हते आणि मी काय शिकलो आहे हेही विचारले नव्हते. वारीत नमस्कार वरच्याने खालच्याकडून घ्यावयाचा नसतो. तो प्रत्येकाने प्रत्येकाला करावयाचा असतो. वाटेवरची गावे दिंड्यांना भाकरी देतात आणि ती घेणाऱ्याच्याच पाया पडतात. देणारा घेणाऱ्याचा ऋणी होतो, हे मी आजवर पुस्तकांत वाचले होते. त्या रस्त्यावर ते डोळ्यांनी पाहिले. श्रद्धा म्हणजे काय, असे मला कोणी विचारले, तर मी म्हणेन की, आपण जे काही आहो ते केवळ आपल्या बळावर नाही, ही नम्र खात्री म्हणजे श्रद्धा. तिला देवळाची आवश्यकता असेल किंवा नसेल; परंतु तिच्यावाचून माणूस गर्वाने फुगतो, एवढे निश्चित.

वर्षाच्या वहीत तिसरी नोंद आहे ती ऊसतोडणीला आलेल्या मुलांची. दरवर्षी ऊसतोडणीच्या हंगामात बीडसारख्या जिल्ह्यांतून हजारो कुटुंबे आमच्या भागात येतात. नवराबायकोच्या जोडीला तेथे 'एक कोयता' म्हणतात. त्यांनी मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते आणि हंगामभर राबून ती फेडावयाची असते. शेताच्या कडेला पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. आईबाप पहाटेच्या अंधारात फडात जातात आणि मोठी मुले धाकट्यांना सांभाळीत कोपीत राहतात. दादा गेल्यावर पौषात मी रोज संध्याकाळी तेथे जाऊन बसू लागलो. पाच मुले जमत. त्यांत नऊ-दहा वर्षांची एक मुलगी होती. एका गाडीत किती मोळ्या बसतात, हे तिला तोंडपाठ होते. परंतु ती संख्या अंकांत लिहिता येत नव्हती. तेव्हा आमचे गणित मोळीपासून सुरू झाले आणि तिने लिहिलेला पहिला शब्द 'कोयता' हा होता. आयुष्यभर मी 'अ' पासून आरंभ करीत आलो होतो. मुलाला जे आधीच येते तेथून शिकवावयास आरंभ करावा, हा धडा या वयात मला त्या मुलीने दिला. थोड्याच दिवसांत ती आपल्या धाकट्या भावाचे बोट धरून तीच अक्षरे मातीत गिरविताना दिसली. फाल्गुनाच्या अखेरीस कोप्या मोडल्या आणि ती कुटुंबे आपापल्या गावी परतली.

त्या मुलांनी माझे आभार मानावेत, असे कोणाला वाटेल. मला तसे वाटत नाही. तुमच्या-आमच्या सकाळच्या चहात जी साखर पडते, तिच्यासाठी त्यांच्या आईबापांचे हात उसाच्या पात्याने कापले जातात. त्यांनी घेतलेली उचल मुकादमाच्या वहीत पैनपै लिहिलेली असते. आपण त्यांचे जे लागतो, ते मात्र कोणत्याच वहीत लिहिलेले नसते. तेव्हा त्या संध्याकाळी मी जे थोडेसे शिकविले, ते उपकार नव्हते. ते देणे होते, आणि फेडलेला हप्ता फार लहान होता.

कृतज्ञतेविषयी एक आक्षेप घेतला जातो, आणि तो घेणाऱ्यांचे मी ऐकून घेतो. ते म्हणतात, "कृतज्ञ राहा, असे नेहमी दुबळ्यालाच सांगितले जाते. ज्याची फी माफ झाली, ज्याला जुने कपडे मिळाले, ज्याला नोकरीवर ठेविले, त्याला उठता-बसता उपकारांची आठवण करून दिली जाते. म्हणजे त्याने तोंड उघडू नये." हे खरे आहे. असे घडते आणि ते निंद्य आहे. परंतु ती कृतज्ञता नव्हे. ती वसुली आहे. कृतज्ञता मागता येत नाही. ती ज्याची त्यानेच मनातून द्यावी लागते. जो आपल्या उपकारांचा हिशेब दुसऱ्याला वाचून दाखवितो, त्याने आपले दान त्याच क्षणी कर्जाऊ ठरविलेले असते. आणि जे माणसाच्या हक्काचे आहे, ते देऊन त्याच्याकडून आभाराची अपेक्षा करणे, हा तर त्याचा अपमान होय.

तुम्ही ज्या बाकावर बसून हा धडा वाचत आहा, त्याचेच उदाहरण घ्या. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षण मिळण्याचा हक्क २००९ च्या कायद्याने दिला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. तो तुमचा हक्क आहे. त्यासाठी कोणापुढे मान लववावयाचे कारण नाही. परंतु हा हक्क आकाशातून पडलेला नाही. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देऊन प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपल्या कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. त्या मागणीपासून देशाच्या कायद्यापर्यंत पोहोचावयास सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. ज्यांनी ती वाट चालण्यास आरंभ केला, त्यांना तिचा शेवट पाहावयास मिळाला नाही. हक्क मान ताठ ठेवून घ्यावा. आणि तो ज्यांनी मिळवून दिला त्यांचे देणे मनात ठेवावे. या दोहोंत विरोध नाही. उलट, ज्याला आपले देणे कळते, तोच अजून कोपीत बसलेल्या मुलाचा हक्क आपला मानतो आणि त्यासाठी बोलतो. खरी कृतज्ञता माणसाला गप्प बसवीत नाही. ती त्याला दुसऱ्यासाठी बोलावयास लावते.

आणखी कोणी म्हणेल, "ज्या वर्षी घरातले माणूस गेले, त्या वर्षाचे आभार कसे मानावयाचे?" मृत्यूबद्दल कोणी आभार मानीत नाही आणि मानूही नयेत. दुःखाला सुख म्हणणे हे ढोंग होईल. दादा नाहीत, ही उणीव माझ्या वहीत खर्ची पडली आहे आणि ती भरून निघणार नाही. परंतु त्याच पानावर दुसऱ्या बाजूस त्यांची पंच्याहत्तर वर्षे जमा आहेत. गेलेल्या माणसासाठी आपण रडतो, कारण त्याने आपल्याला पुष्कळ दिलेले असते. शोकाच्या मुळाशीही कृतज्ञताच असते. तिला वाट करून दिली म्हणजे शोक माणसाला कुजवीत नाही, कामाला लावतो.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या वयाला जमाखर्चाची वही अजून लागत नाही. तरीही वर्ष संपताना एक कोरा कागद घ्या आणि मधोमध एक उभी रेघ ओढा. डाव्या बाजूस, या वर्षी तुम्हाला जे मिळाले त्यामागच्या माणसांची नावे लिहा. आई, वडील, शिक्षक ही नावे लगेच सुचतील. तेथे थांबू नका. शाळेचे आवार झाडणारी मावशी, एस. टी. वेळेवर आणणारा चालक, ज्याने आपला डबा तुमच्यापुढे सरकविला तो मित्र, आणि ज्यांची नावेही तुम्हाला ठाऊक नाहीत ते हात, या सर्वांची नोंद करा. मग उजव्या बाजूस येत्या वर्षी तुम्ही कोणाला काय देणार आहात, ते लिहा. ज्याच्याकडून घेतले त्यालाच द्यावे, असा आग्रह धरू नका. ज्या मोठ्या मुलाने तुम्हाला पोहावयास शिकविले, त्याला आता ते शिकण्याची गरज नाही. पण काठावर भिऊन उभा असलेला एखादा लहान मुलगा असेलच. त्याचा हात धरा.

दोन्ही बाजूंची बेरीज कधीच जुळणार नाही. ती जुळू नये, हेच बरे. ज्या दिवशी माणसाला वाटते की, आपले कोणाचेही देणे उरले नाही, त्या दिवसापासून तो द्यावयाचे थांबतो. देणे शिल्लक आहे, तोवर देणे चालू राहते. आणि ते चालू आहे, म्हणूनच जग चालले आहे.